मोबाईलवरच्या गेमनं मैदानावरची नजर तयार होते का? खो-खोच्या एका प्रशिक्षकाचं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची मुलगी नववीत आहे, जिंतूरकडच्या एका शाळेच्या खो-खो संघात खेळते. रात्री लाईट आली म्हणून तुम्ही मोटार चालू करायला उठलात, तर ही पांघरुणात मोबाईल धरून बीजीएमआय, म्हणजे तो बंदुका घेऊन टोळीनं खेळायचा ऑनलाईन गेम, खेळत होती. तुम्ही रागावलात तेव्हा म्हणाली, "बाबा, यानं माझी नजर तयार व्हायलीय, खो-खोलाच उपयोग होतो." तुम्ही विचारलंय की हे खरं आहे की नुसता बहाणा.

थोडं खरं आहे आणि बराचसा बहाणा आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत, ते आधी सुटे करतो. एक, गेम खेळून मैदानावरचं काही सुधारतं का. दुसरा, रात्री एक वाजता नववीतल्या लेकराच्या हातात मोबाईल असावा का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे आणि त्यासाठी प्रशिक्षकाला विचारायची गरज नव्हती. पहिल्यावर मात्र मला बोलायचंय, कारण त्यात मी स्वतः एकदा सपशेल फसलोय आणि एकदा बऱ्यापैकी शिकलोय.

मी धाराशिव जिल्ह्यात एकोणीस वर्षं खो-खो शिकवतोय, जास्त करून मुलींना. आमच्याकडं या खेळाचं वेड जुनं आहे. खो-खोपटू सारिका काळे याच जिल्ह्यातली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून तर गावागावातल्या पोरी खांबाला सूर मारायला लागल्या. म्हणून मी जे सांगतो ते खो-खोपुरतं समजा. कबड्डीला, फुटबॉललाही थोडंफार लागू पडेल, पण ते त्या खेळातल्या माणसाकडून ऐकलेलं बरं. आणि बरंच काही तुमच्या मुलीवर अवलंबून आहे: ती एकटी खेळते की मैत्रिणींच्या स्क्वाडमध्ये (चौघींच्या टोळीत), बोलत खेळते की गप्प, आणि मुख्य म्हणजे रोज मैदानावर किती वेळ असते. मैदान रोज दोन तास असेल तर गेमचा थोडा उपयोग. मैदान आठवड्यातून दोनदा असेल तर गेमबद्दल बोलूच नका, आधी मैदान वाढवा.

आता मी फसलो तो किस्सा. सात-आठ वर्षांपूर्वी एका पोरानं मला मोबाईलवर एक ॲप दाखवलं. पडद्यावर रंगीत ठिपका आला की लगेच बोट मारायचं, किती वेळात मारलं ते आकड्यात दिसतं. मला वाटलं, वा, रिफ्लेक्स सुधारायला याहून स्वस्त काय असणार! सहा आठवडे सरावाआधी रोज दहा मिनिटं सगळ्या मुलींकडून ते करून घेतलं. मुली त्या ॲपमध्ये झकास झाल्या, वहीत आकडे लिहून ठेवायच्या, एकमेकींशी पैजा लावायच्या. मैदानावर काडीचा फरक पडला नाही. जिची पळती कच्ची होती तिची कच्चीच राहिली.

मग कारण कळायला लागलं. काहीतरी दिसलं की हात हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण चौथा-पाचवा भाग लागतो. हा वेळ सराव करून फारसा खाली येत नाही, आणि खो-खोत तो खाली आणायची गरजही नसते. पळणारी पोरगी पाठलाग करणारीच्या हाताची वाट बघत बसली तर तिथंच संपलं. ती हात बघतच नाही, खांदा नि कंबर बघते. पाठलाग करणारी एकदा एका दिशेनं निघाली की खांबाला वळसा घातल्याशिवाय तिला मागं फिरता येत नाही. म्हणून उठताना तिचा कुठला खांदा आधी झुकतो, पहिलं पाऊल कुठल्या बाजूला वळतं, यातच पळणारीला सगळं कळतं. चांगली पळणारी म्हणून वेगवान 'दिसते', खरं तर ती अर्धं पाऊल आधी निघालेली असते. रंगीत ठिपक्याला खांदा नसतो, त्यामुळं ठिपका बघून खांदा वाचायला शिकता येत नाही. गेममधल्या माणसाला खांदा असतो, पण तो आपल्या सविता-संगीतासारखा झुकत नाही. म्हणून 'गेमनं रिफ्लेक्स वाढतात' हे जे पोरं ठोकून सांगतात, ते माझ्या हिशेबात बाद.

अभ्यासकांचंही साधारण असंच भांडण आहे. २००३ साली ग्रीन आणि बावेलिए या दोघांनी दाखवलं होतं की गेम न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज एक तास बंदुकीचा वेगवान गेम खेळायला दिला, तर त्यांचं लक्ष पडद्यावर जास्त पसरतं, एकावेळी जास्त गोष्टी टिपल्या जातात. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला टेट्रिस दिलं होतं, त्यांच्यात तेवढा फरक दिसला नाही. ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं आणि गाजलं. पुढं २०१८ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या मानसशास्त्राच्या नियतकालिकात असे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निष्कर्ष निघाला की गेम खेळायला लावून एकूण बुद्धीची ताकद वाढते असं म्हणायला आधार फारच कमी. वाद अजून चालू आहे. मला त्यातला एक तिसराच, जुना प्रयोग उपयोगाचा वाटतो. इस्रायलच्या हवाई दलात विमान शिकणाऱ्या पोरांना स्पेस फोर्ट्रेस नावाचा गेम दहा तास खेळायला दिला, आणि नंतर खऱ्या विमानात त्यांची कामगिरी इतरांपेक्षा चांगली ठरली. १९९४ ची गोष्ट. पण त्यांना नुसतं 'खेळा' म्हणून सोडलं नव्हतं. आज या गोष्टीवर लक्ष ठेवा, उद्या त्या गोष्टीवर, असं ठरवून लक्ष वाटायला शिकवलं होतं. हा धागा धरून ठेवा, पुढं लागेल.

आता जे खरं आहे त्याकडं येतो. तुम्ही खो-खो बघता, तरी एकदा डोळ्यांसमोर आणा. आठ जणी मधल्या पाटीवर आठ चौकोनांत बसलेल्या, एकाआड एक उलट्या तोंडानं. नववी पाठलागावर. तिला पाटी ओलांडता येत नाही. पळणारी पाटीच्या पलीकडं सटकली की पलीकडं तोंड करून बसलेल्या कुणाला तरी मागून खो द्यायचा, मग ती उठणार. म्हणजे बसलेल्या प्रत्येकीला अर्धंच मैदान दिसतं, उरलेलं अर्धं तिच्या पाठीमागं असतं. आणि खेळ बहुतेक वेळा पाठीमागच चालू असतो! पळणारी कुठल्या फटीतून आपल्या बाजूला घुसणार, हे जिला न बघता ठाऊक असतं ती खो मिळताच बरोबर दिशेला उठते. जिला ठाऊक नसतं ती उठून आधी बघते, मग निघते. तेवढ्यात पळणारी दोन चौकोन पुढं.

आमच्याकडं एक मुलगी होती, पाचव्या चौकोनात बसायची. अंगानं बारीक, धावायला मध्यमच. पण तिचं उठणं कधी चुकायचं नाही. एकदा मी विचारलं, "तुला मागचं कसं कळतं गं?" ती म्हणाली, "सर, मला मागची ऐकू यायलीय. पावलं." मग लाजत सांगितलं की भावाबरोबर बीजीएमआय खेळते, तिथं हेडफोन लावून पावलांवरून माणूस कुठं आहे ते ओळखावं लागतं, ती सवय इथंही लागली. मला आधी गंमत वाटली. तिच्याबरोबर खेळणाऱ्या आणखी दोघी निघाल्या. त्या गेम खेळताना मी शेजारी खुर्ची टाकून बसलो, चष्मा लावून. गेममधलं मला ओ की ठो कळलं नाही, पण त्यांचं बोलणं कळलं. 'दोघं आहेत, झाडामागं, दोनशे चाळीसवर, एकाचं हेल्मेट गेलंय.' एका दमात आकडा, जागा, दिशा, परिस्थिती. आणि याच पोरी मैदानावर काय ओरडायच्या? "अगं दे! दे! दे ना!" कुणाला दे, कुठं दे, पत्ता नाही.

तिथं माझी ट्यूब पेटली. गेम या मुलींना मोजकं आणि नेमकं बोलायला शिकवतो, कारण तिथं शंभर जण उतरतात आणि आपल्या चौघींतल्या एकीनं उशिरा किंवा गोल गोल सांगितलं तर सगळ्या मरतात. मैदानावर हे शिकवायला मी वर्षं घालवली होती. मग आम्ही चौकोनांना आकडे दिले आणि हाकाही आखल्या. 'सहा, मागं' म्हणजे सहाव्या चौकोनाजवळ, तुझ्या पाठीकडून. 'खांब' म्हणजे ती वळसा घेणार. आता पळणारीलाही हे ऐकू जातंच, मग आकडे आम्ही सामन्यागणिक बदलतो, कधी उलट्या खांबापासून मोजतो. एकदा आमच्याच दोघी गोंधळल्या नि खो चुकीच्या पोरीला गेला, पण ते चालायचंच.

पण दादा, ही सवय आपोआप मैदानावर आली नाही, ती आणावी लागली. गेममध्ये छान बोलणाऱ्या त्याच मुली मैदानावर मुक्या होत्या, हे विसरू नका. मी जर शेजारी खुर्ची टाकून बसलो नसतो तर त्या आजही 'दे दे' करत असत्या. इस्रायलवाल्यांनी लक्ष कुठं ठेवायचं ते सांगितलं होतं ना, तसंच. गेम आणि मैदान यांच्यामध्ये पूल कुणीतरी बांधावा लागतो. तो बांधणारा बहुतेक वेळा प्रशिक्षक असतो, कधी बापही असू शकतो.

आमचा पूल साधा आहे. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारी मैदानावर उभं राहवत नाही, काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, पारा बेचाळीसच्या पुढं. सराव सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला. दुपारी ज्यांच्या घरून परवानगी आहे अशा चौघी-चौघी शाळेच्या व्हरांड्यात चाळीस मिनिटं खेळतात, आठवड्यातून तीनदा. खेळ मध्येच मी थांबवायला लावतो, मोबाईल पालथा ठेवायचा आणि सांगायचं: आत्ता तुझे तीन साथीदार कुठं होते, शत्रू शेवटचा कुठं दिसला, तू कशावरून म्हणतेस. संध्याकाळी मैदानावर तेच. पाठलाग चालू असताना मी शिट्टी मारतो, बसलेल्या सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि तिन्ही पळणाऱ्या कुठं आहेत तिकडं बोट दाखवायचं. पहिल्या दिवशी आठ जणींची बोटं आठ दिशांना, बघणारे हसून हसून लोळतात. दोन-तीन आठवड्यांत बोटं एका दिशेला यायला लागतात. या खेळाला मुली 'बोट दाखव' म्हणतात. खरं सांगायचं तर यासाठी गेम लागतच नाही, मोबाईलच नसलेल्या मुलींनाही 'बोट दाखव' तितकंच जमतं. गेमनं फक्त एवढं केलं की, 'हे कशासाठी' ते त्यांना लगेच कळलं.

गेम काही गोष्टी चुकीच्याही शिकवतो, त्या सांगायलाच हव्यात. बीजीएमआयमध्ये नेहमीचा कॅमेरा खेळाडूच्या डोक्यामागं, थोडा वर असतो. भिंतीआड उभं राहून पलीकडचं दिसतं, स्वतः न दिसता. मैदानावर डोळे आपल्या कपाळाखालीच आहेत, डोक्यामागं नाहीत. ज्या पोरी सतत तसंच खेळतात त्या मैदानावर मान वळवायला आळस करतात, हे मी बघितलंय. म्हणून मी पहिल्या माणसाच्या नजरेचा मोड लावायला सांगतो, एफपीपी. फुटबॉलच्या गेममध्ये तर अख्खं मैदान वरून दिसतं, खऱ्या खेळाडूला ते कधीच दिसत नाही. दुसरं, गेममध्ये दम लागत नाही. खुल्या गटाचा डाव ९ मिनिटांचा असतो. सातव्या मिनिटाला छाती भात्यासारखी वर-खाली होत असताना निर्णय घेणं ही वेगळीच विद्या आहे, गादीवर लोळून ती येत नाही. आणि खांबावरचा सूर? तो गुडघे सोलल्याशिवाय आजवर कुणाला आलेला मी पाहिला नाही.

तुमच्या मुलीच्या हातात मोबाईल आहेच तर त्याचा याहून फार चांगला उपयोग सांगतो. तिच्या सामन्याचं शूटिंग करा. खांबाच्या मागून, थोड्या उंचीवरून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून केलं तरी चालेल. मग घरी बसून लावा. बसलेली मुलगी खो मिळून उठते, त्या क्षणी, पहिलं पाऊल पडायच्या आधी, थांबवा. विचारा, "डावीकडं जाईल का उजवीकडं? कशावरून?" उत्तर दिल्यावर पुढं चालू करा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं, ते सामने मोबाईलवर सापडतात. त्यावरही हेच करा. सुरुवातीला तिचा अंदाज छापा-काटा केल्यासारखाच येईल. मग एक दिवस ती पडद्यावर बोट ठेवून म्हणेल, "हिचा डावा खांदा बघा की बाबा, आधीच गेलाय." हा खेळ बापलेकीनं वीस मिनिटं खेळला तरी पुष्कळ. मी तर यालाच खरा व्हिडिओ गेम म्हणतो.

आता रात्रीचं. एका स्पर्धेला आम्ही मुक्कामी होतो. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकून मुली झोपल्या, असं मला वाटलं. पाच जणी एकपर्यंत खेळत होत्या. सकाळी आठला सामना. पहिल्या तुकडीच्या तिघी बघता बघता बाद. एक तर समोरून येणारीच्या हातात जाऊन धडकली, डोळे उघडे ठेवून. चूक माझीही होती, मी मोबाईल गोळा करायला हवे होते. तेव्हापासून मुक्कामाला साडेनऊला सगळे मोबाईल माझ्या पिशवीत. दिवसभर जे शिकलो ते झोपेतच पक्कं होतं, त्यामुळं रात्रीचा गेम दिवसाचा सरावही खातो. मैदान, शाळा, जेवण सोडून गेमच चालू राहिला, थांबवता येईना आणि हे महिनोन्महिने चाललं, तर तो आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनंही नोंदवलाय, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. पण एका रात्री सापडली म्हणजे आजार झाला, असं काही नाही. आणि मोबाईलला तुमचं यूपीआय जोडलेलं असेल तर पिन बदला. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आलीय, पण बीजीएमआयसारख्यात कपडे, बंदुकांचे रंग विकत घेता येतातच.

तर तुमच्याजागी मी असतो तर काय केलं असतं? मोबाईल रात्री नऊनंतर माझ्या उशाशी. दिवसा, ती मैदानावर जाऊन आलेली असेल त्या दिवशी, चाळीस मिनिटं, संघातल्या मैत्रिणींबरोबर, बोलत. एकटीनं गप्प खेळायचं असेल तर ती करमणूक आहे, तसं सरळ म्हणावं, सराव म्हणू नये. आणि दोन प्रश्न मी विचारले असते: आज कोण कुठं होतं, तुला कसं कळलं. उत्तर आलं तर पोरगी खरं बोलत होती. 'काही नाही, मारलं दोघांना' एवढंच आलं तर बहाणा.

एक मात्र करू नका. मोबाईलचं निमित्त करून तिचं मैदान बंद करू नका. हे मी दरवर्षी बघतो. काहीतरी कारण निघतं, कधी मोबाईल, कधी उन्हानं काळी पडायलीय, कधी नातेवाईक बोलायलेत, आणि नववी-दहावीतली चांगली पळणारी मुलगी एका सोमवारी येत नाही, मग येतच नाही. मोबाईल घ्या काढून, खुशाल. बूट नका काढून घेऊ.

शेवटी मला तुमच्याकडूनच एक हवंय, त्याशिवाय यापुढं सांगता येणार नाही. ती आक्रमणाला कितव्या चौकोनात बसते? खांबाजवळ, पहिल्या-आठव्यात, की मध्ये? आणि पळायला पहिल्या तुकडीत उतरते का तिसऱ्या? खांबाजवळ बसणारीला मागचं ऐकण्यापेक्षा वळशाचं गणित जास्त लागतं, तिच्यासाठी मी वेगळं सांगेन. तिलाच विचारा, आणि तिच्याच हातानं इथं लिहायला लावा. दिवसा.